तीन हाका आणि एक होकार
डॉ. आयडा स्कडर (१८७०–१९६०)



देवाचे पाचारण कसे ओळखावे, हा प्रश्न मंडळीतील तरुण मुलेमुली आपल्या वडीलधाऱ्यांस नेहमी विचारतात. बाळ शमुवेलाची गोष्ट आपण सर्वांनी रविवारच्या शाळेत ऐकलेली असते. रात्रीच्या अंधारात त्याला हाक आली, परंतु ती कोणाची हे त्याला प्रथम उमगलेच नाही. तो उठून भलत्याकडेच धावला. ज्या स्त्रीचे चरित्र आज आपणापुढे ठेवावयाचे आहे, तिच्याही जीवनात एका रात्री तीन वेळा हाक आली. त्या तीनही हाका माणसांच्या तोंडून आल्या, आणि तीनही वेळा तिला नकार द्यावा लागला. त्या तीन नकारांच्या दुःखातून जो एक होकार उपजला, त्याचे फळ आपण आजही वेल्लोर येथे पाहतो.

वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचे नाव ठाऊक नाही असे ख्रिस्ती कुटुंब भारतात विरळाच. आपल्यापैकी कित्येकांचे आप्त तेथे उपचार घेऊन आले असतील, कित्येकांची मुले तेथे शिकली असतील. मात्र त्या भव्य इमारतींकडे पाहताना एक गोष्ट विसरली जाते. या कार्याच्या आरंभी एक खिडकी होती, आणि पुढे एक बैलगाडी आणि रस्त्याकडेची झाडे होती. आपण त्या झाडांखाली थोडा वेळ थांबू या.

नको असलेला वारसा

आयडा सोफिया स्कडर हिचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजी मद्रास इलाख्यातील राणीपेट येथे झाला. तिचे आजोबा डॉ. जॉन स्कडर १८१९ साली अमेरिकेहून सिलोनला निघाले आणि पुढे मद्रासेस आले. अमेरिकेने परदेशी पाठविलेल्या वैद्यकीय मिशनऱ्यांत ते पहिले गणले जातात. त्यांचे सातही मुलगे भारतात मिशनरी झाले आणि त्यांनी उत्तर अर्काट भागात अर्काट मिशनचा पाया घातला. आयडाचे वडील, त्यांचेही नाव जॉन, या भावांपैकीच एक होते. पाच भावांच्या पाठीवर झालेली आयडा ही घरातील शेंडेफळ.

१८७६ ते १८७८ या काळात मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. मिशनच्या आवारात भुकेल्या मुलांना अन्न वाटले जाई. सहासात वर्षांची आयडा भाकरीचे तुकडे करून मुलांच्या तोंडी घाली, कारण काही मुलांच्या अंगी हात उचलण्याइतकेही त्राण उरलेले नव्हते. जी मुले कालपर्यंत आपल्या हातून घास घेत होती, ती आज रस्त्याच्या कडेला निपचित पडलेली पाहणे हे त्या कोवळ्या मनाला सोसणारे नव्हते.

पुढे कुटुंब अमेरिकेस गेले. काही वर्षांनी वडील भारतात परतले, मागोमाग आईही परतली आणि आयडा शिकागोला नातलगांच्या घरी राहिली. वाचकहो, मिशनरींच्या त्यागाविषयी आपण पुष्कळ बोलतो, पण त्या त्यागाची किंमत त्यांच्या मुलांनीही मोजलेली असते, हे आपण क्वचितच ध्यानात घेतो. या ताटातुटीची जखम तिच्या मनात खोल राहिली. नॉर्थफील्ड येथील शाळेत शिकताना तिने मनाशी पक्के केले होते की आपण मिशनरी व्हायचे नाही. ऊन, धूळ, दुष्काळ आणि वियोग यांचा देश तिला नको होता.

ती रात्र

१८९० साली आईच्या आजारपणामुळे तिला भारतात यावे लागले. आईवडील तेव्हा मद्रासच्या दक्षिणेस तिंडिवनम येथे काम करीत होते. आईला बरे वाटले की परत फिरायचे, एवढाच तिचा बेत होता.

एके रात्री ती दिव्यापाशी बसली असता दारात एक तरुण ब्राह्मण येऊन उभा राहिला. त्याची अल्पवयीन पत्नी बाळंतपणात अडली होती आणि सुइणींनी हात टेकले होते. आयडाने त्याला सांगितले की आपणास वैद्यकी येत नाही, वडील डॉक्टर आहेत, ते तत्काळ येतील. परंतु परपुरुषाने आपल्या पत्नीस पाहावे हे त्याला मान्य नव्हते. तो खिन्न होऊन निघून गेला. थोड्या वेळाने एक मुसलमान गृहस्थ आला. त्याचेही तेच दुःख आणि तोच नकार. त्यानंतर आणखी एक उच्चवर्णीय हिंदू आला आणि तोही तसाच परतला. तिघांच्या रीतिभाती वेगळ्या, पण उंबरठ्यावरील अडसर एकच.

सकाळी रस्त्यावरून अंत्ययात्रेच्या वाद्यांचा आवाज आला. तिने नोकराला चौकशीस पाठविले, आणि उत्तर आले ते असे की त्या तीनही मुली रात्रीत मरण पावल्या होत्या.

ती खोलीचे दार लावून प्रार्थनेस बसली. बाहेर आली ती निर्णय घेऊनच. आपण अमेरिकेस जाणार, डॉक्टर होणार आणि या देशाच्या स्त्रियांसाठी परत येणार, असे तिने आईवडिलांना सांगितले.

येथे भाषांतरकाराच्या कामातील एक लहानशी गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. लोकसमुदायाला पाहून प्रभूच्या मनाची जी अवस्था झाली ती वर्णिताना शुभवर्तमानकारांनी योजलेला ग्रीक शब्द मुळात आतड्यांशी नाते सांगणारा आहे. आपण मराठीत कळवळा म्हणतो. आपल्या आयाबाया आतडे तुटणे म्हणतात, ते मुळाच्या अधिक जवळ जाते. त्या सकाळी आयडाचे आतडे तुटले. मिशनकार्याविषयीची तिची मते वादविवादाने बदलली नाहीत, तीन अनोळखी मुलींच्या मरणाने बदलली.

मराठी कन्यांची पाऊलवाट

१८९५ साली तिने फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. मराठी वाचकांना हे विद्यालय परके नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ साली येथूनच डॉक्टर झाल्या होत्या, आणि १८९२ साली आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या डॉ. गुरुबाई करमरकर यांनी येथेच पदवी घेऊन पुढे मुंबईत रुग्णसेवा केली. भारतीय स्त्रीने भारतीय स्त्रीची डॉक्टर व्हावे हे स्वप्न आपल्या कन्यांनी आयडाच्या आधीच पाहिले होते, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

शेवटची इयत्ता तिने न्यूयॉर्कच्या कॉर्नेल महाविद्यालयात पूर्ण केली. तेथे स्त्रियांना नुकताच प्रवेश मिळू लागला होता. स्त्रियांपुढील बंद दारे केवळ तिंडिवनमलाच होती असे नव्हे. १८९९ मध्ये ती पदवीधर झाली. वेल्लोरला स्त्रियांचे रुग्णालय उभारण्यासाठी आठ हजार डॉलर जमवावेत असे तिला सांगण्यात आले होते. निघण्याची वेळ जवळ आली तरी झोळी जवळजवळ रिकामीच होती. तेव्हा न्यूयॉर्कमधील शेल नावाच्या एका वृद्ध बँकरने तिचे म्हणणे ऐकले आणि आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले.

१९०० च्या आरंभी ती भारतात पोहोचली. सोबत ॲनी हॅनकॉक ही मैत्रीण होती. एकीने देहाची सेवा करावी आणि दुसरीने घरोघर जाऊन स्त्रियांस वाचावयास शिकवावे व शुभवर्तमान सांगावे, अशी त्या दोघींची वाटणी होती. येथून पुढे आपण त्यांना आदराने डॉ. आयडा म्हणू.

खिडकीपासून रुग्णालयापर्यंत

अनुभवी वडिलांच्या हाताखाली काही वर्षे काम शिकावे असा डॉ. आयडांचा विचार होता, पण त्याच वर्षी मे महिन्यात वडील कर्करोगाने वारले. रुग्णालय बांधून झाले नव्हते, आणि तरुण बाईमाणूस डॉक्टर असू शकते यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. बंगल्यातील एका लहानशा खोलीत त्यांनी दवाखाना मांडला आणि खिडकीतून औषधे देण्यास प्रारंभ केला. सलोमी नावाची एक साधी तमिळ स्त्री त्यांच्या हाताखाली पट्ट्या बांधावयास आणि औषधे कालवावयास शिकली. आरंभी दिवसच्या दिवस कोणी फिरकत नसे. हळूहळू रीघ लागली. पहिल्या दोन वर्षांत सुमारे पाच हजार रुग्ण तपासून झाले. १९०२ साली चाळीस खाटांचे मेरी टेबर शेल रुग्णालय उघडले.

आपल्यापैकी एखादा म्हणेल की आता हेतू सिद्धीस गेला. डॉ. आयडांना मात्र तसे वाटले नाही. रुग्णालयात येणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून त्यांना न येऊ शकणारे दिसू लागले. कित्येक रुग्ण दहापंधरा मैलांवरून खाटेवर घालून आणले जात आणि फार उशीर झालेला असे. ज्यांच्याकडे गाडी नाही, पदरी चार माणसे नाहीत, एक दिवसाची मजुरी बुडाली तर चूल पेटत नाही, ते कधीच येत नसत. मग त्यांच्याकडे कोणी जावयाचे?

रस्त्याकडेचा दवाखाना

१९०६ च्या सुमारास त्यांनी आठवड्यातून एक दिवस गुडियात्तम या गावी जावयास सुरुवात केली. हे गाव वेल्लोरपासून तीसएक किलोमीटरवर आहे. तेथे फिरता दवाखाना भरवायचा आणि रात्री परतायचे, असा क्रम ठरला. वाटेतल्या खेड्यांतील लोकांना हे कळले. ते गाडी अडवू लागले. कडेवर मूल घेतलेली आई, डोळे आलेला म्हातारा, पायाला जखम चिघळलेला शेतमजूर असे लोक रस्त्यावर उभे राहत. डॉक्टरांनी खाली उतरून तेथेच झाडाखाली पेटी उघडावी, हे आपोआप घडत गेले. कोणत्याही समितीने ही योजना आखली नव्हती. रुग्णांनीच ती डॉक्टरांना शिकविली.

१९०९ साली त्यांना प्यूजो बनावटीची एक लहान मोटार मिळाली. त्या भागातील कित्येकांनी मोटार पाहिलीच नव्हती. सैतान धावत येत आहे असे समजून पहिल्यांदा लोक शेतांत पळून गेले, असे सांगतात. पण पुढे त्याच मोटारीच्या आवाजाकडे कान लावून माणसे सकाळपासून झाडांखाली बसू लागली.

वाचकहो, त्या एका दिवसाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. दिवस उजाडण्यापूर्वी प्रार्थना होई. मग औषधांच्या पेट्या, पट्ट्या, उकळलेली हत्यारे आणि दुपारची शिदोरी गाडीत चढे. डॉक्टर, परिचारिका, औषधे देणारा कंपाउंडर आणि बायबल स्त्री दाटीवाटीने बसत. पहिल्या थांब्यावर पन्नास माणसे असली, तर पुढल्या थांब्यावर शंभर. एक जण नावे लिहून घेई, दुसरी जखमा धुई, डॉक्टर डोळे तपासत, गळवे फोडत, दात काढत, अडलेल्या बाईस वेल्लोरला नेण्याची व्यवस्था करीत. कुष्ठरोगी थोडे दूर, वेगळे बसत, कारण गावाने त्यांना तसेच बसावयास शिकविले होते. त्यांच्याही जखमा धुतल्या जात. आपली पाळी येईपर्यंत लोक ताटकळत बसलेले असत. तेव्हा बायबल स्त्री चित्रे दाखवून, तमिळ गीते म्हणून येशूच्या गोष्टी सांगे. औषध घेण्यासाठी गोष्ट ऐकलीच पाहिजे किंवा धर्म बदलला पाहिजे, अशी अट नव्हती. ही बाब आपण विशेष ध्यानात ठेवावी. जेथे अट येते तेथे सेवा संपते आणि सौदा सुरू होतो.

असेच थांबे घेत गुडियात्तम येई. परतीच्या वाटेवरही माणसे उभी असतच. रात्री कंदिलाच्या उजेडात शेवटची पट्टी बांधून मंडळी घरी पोहोचत, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरलेल्या असत. पुढे असे मार्ग वाढले आणि एकेका दिवसाला एकेक रस्ता नेमून दिला गेला.

यरुशलेमेहून यरीहोला जाणाऱ्या वाटेची प्रभूने सांगितलेली गोष्ट आपण सर्व जाणतो. त्या गोष्टीतील याजक आणि लेवी यांनी जखमी माणसास पाहिले नाही असे नाही. पाहूनच ते पलीकडल्या बाजूने गेले. डॉ. आयडांचे वैशिष्ट्य त्यांच्या हातातील शस्त्रक्रियेच्या कौशल्यात होतेच, पण त्याहून ते गाडी थांबविण्यात होते.

एकटीचे हात अपुरे

कितीही रस्ते फिरले तरी एका डॉक्टरचे हात किती पुरणार? १९०९ मध्ये त्यांनी परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. पुढे भारतीय मुलींसाठी वैद्यकीय विद्यालय काढण्याचा ध्यास घेतला. सरकारी वैद्यकीय खात्याच्या प्रमुखांना यशाची फारशी आशा नव्हती. मुलींचे अर्ज येणार नाहीत, आणि आल्या तरी परीक्षेत त्या टिकणार नाहीत, असे त्यांचे मत होते. १२ ऑगस्ट १९१८ रोजी विद्यालय उघडले. पहिल्या वर्षाच्या परीक्षेस बसलेल्या चौदाच्या चौदा मुली उत्तीर्ण झाल्या. त्याच परीक्षेत इलाख्यातील मुलांपैकी सरासरी पाचांत एकच उत्तीर्ण झाला होता. १९२२ साली या मुली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. तिंडिवनमच्या त्या रात्रीपासून बत्तीस वर्षे लोटली होती. आता अडलेल्या स्त्रीच्या उंबरठ्यावरून आत जाणारी स्त्री तिच्याच भाषेची, तिच्याच मातीची होती.

या विद्यार्थिनींना डॉ. आयडा रस्त्याकडेच्या दवाखान्यात आवर्जून नेत. रविवारी त्यांचा बायबल वर्ग घेत. त्यांना टेनिसची आणि बागेची अतिशय आवड होती. उदासवाणी भक्ती त्यांच्या स्वभावात नव्हती. संस्थेने आपले बोधवाक्य म्हणून मार्काच्या दहाव्या अध्यायातील सेवेविषयीचे प्रभूचे वचन स्वीकारले. तेथील मूळ ग्रीक क्रियापद प्रथमतः पंगतीत वाढणाऱ्याच्या कामासाठी वापरले जाई. सेवा या शब्दाला आपण फार उंच चौरंगावर बसविले आहे. मुळात तो शब्द वाकलेल्या पाठीचा आहे.

उतारवयातील कसोटी

१९३८ च्या सुमारास मद्रास सरकारने ठरविले की यापुढे डॉक्टर होण्यासाठी विद्यापीठाची पदवीच हवी. वेल्लोरचे विद्यालय पदविका देत असे. नवे प्राध्यापक, प्रयोगशाळा, अधिक खाटा हे सर्व उभारले नाही तर विद्यालय बंद होणार होते. तशातच महायुद्ध सुरू झाले. सत्तरी गाठलेल्या डॉ. आयडा १९४१ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि गावोगावच्या मंडळ्यांतून निधी मागत चार वर्षे हिंडल्या.

यातही मोठे दुःख वाट्यास आले. विद्यालय टिकवावयाचे तर ते पुरुषांनाही खुले करावे, असा मार्ग पुढे आला. ज्या स्त्रियांनी केवळ स्त्रियांच्या शिक्षणासाठी पैसा उभा केला होता त्यांना तो विश्वासघात वाटला. त्यांत डॉ. आयडांच्या जिवलग सहकारी लूसी पीबडी होत्या. दोघींचे मार्ग येथे वेगळे झाले. स्त्रियांसाठी म्हणून आयुष्य वेचलेल्या डॉ. आयडांनाही हा निर्णय सोपा नव्हता. परंतु संस्था आपली नसून देवाची आहे, आणि दान दिलेल्या वस्तूवर आपला हट्ट चालत नाही, हे त्यांनी स्वीकारले. १९४२ मध्ये एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमास तात्पुरती मान्यता मिळाली, आणि १९४७ पासून तरुणही तेथे शिकू लागले. १९४६ मध्ये डॉ. आयडांनी जबाबदारीतून निवृत्ती घेतली. पुढे डॉ. हिल्डा लाझरस या पहिल्या भारतीय संचालिका झाल्या. आपले स्थान वेळेवर दुसऱ्याच्या हाती सोपविणे हीसुद्धा एक सेवाच आहे. आपल्या मंडळ्यांत व संस्थांत ती फार थोड्यांना साधते.

२४ मे १९६० रोजी कोडाईकनाल येथे, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्या प्रभूकडे गेल्या. वेल्लोर येथे त्यांना मूठमाती देण्यात आली. अंत्यदर्शनास सर्व धर्मांचे लोक लोटले होते. ज्या घरांची दारे एके काळी तिच्या वडिलांना बंद होती, त्या घरांतील माणसे आज तिला निरोप द्यावयास आली होती.

आपल्यासाठी काय?

वाचकहो, चरित्र वाचून धन्यता मानावी आणि पान उलटावे, हे सोपे आहे. पण एक गोष्ट आपणास अस्वस्थ करावयास हवी. मोठ्या संस्थेला खेड्याची वाट विसरण्याचा धोका सदैव असतो. वेल्लोरने ती वाट पूर्णपणे मोडू दिली नाही. १९७७ मध्ये खेड्यांच्या आरोग्य व विकासासाठी तेथे स्वतंत्र विभाग सुरू झाला. आणि ती वाट महाराष्ट्रातही आली. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरलाच शिकलेले दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आले. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील त्या दुष्काळी तालुक्यात त्यांनी गावच्याच गरीब, बहुधा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका बनविले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. आयडांनी डॉक्टरला झाडाखाली नेले होते. आरोळे दांपत्याने झाडाखाली बसलेल्या स्त्रीच्याच हाती आरोग्याची किल्ली दिली. दिव्याने दिवा लागतो तो असा.

आज आपण दिल्लीत असा, हैदराबादेत असा, बंगळूरला किंवा मुंबईत असा, आपल्या मुलांनी डॉक्टर, परिचारिका, शिक्षक व्हावे म्हणून आपण प्रार्थना करतो. ती प्रार्थना योग्यच आहे. मात्र त्यांनी कोणत्या रस्त्याला लागावे यासाठी आपण कोणती प्रार्थना करतो? मुलीने खेड्यातील मिशनच्या दवाखान्यात दोन वर्षे जाण्याची इच्छा दर्शविली, तर आपल्या घरात आनंद होईल की काळजीचे सावट पसरेल? या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या कोणास द्यावयाचे नाही, आपण आपल्याशीच द्यावयाचे आहे.

हाका आजही येतात. बहुधा त्या आकाशातून येत नाहीत. त्या दारावर येतात, अवेळी येतात आणि आपली सोय पाहून येत नाहीत. तिंडिवनमच्या त्या तरुणीजवळ त्या रात्री देण्यासारखे काहीच नव्हते. तिला जे करता आले नाही त्याचे दुःख तिने विसरू दिले नाही, एवढेच तिने केले, आणि देवाने त्या दुःखाचा उपयोग करून घेतला. आपल्याही रिकाम्या हातांचा उपयोग तो करून घेईल. आपण दार उघडावे आणि गाडी थांबवावी, एवढेच त्याचे मागणे आहे.